दहावीचे वर्ष आणि बंद झालेले स्टेडियम

आदरणीय सर,

आम्ही मंगळवार पेठेत राहतो. माझे मिस्टर शिरोलीच्या एमआयडीसीत एका फौंड्रीमध्ये सुपरवायझर आहेत. मुलगा दहावीत आणि मुलगी पाचवीत आहे. मिस्टरांना आणि मुलाला फुटबॉलचा भारी नाद. मुलगा पाच वर्षांचा असल्यापासून दोघे शाहू स्टेडियमवर मॅच बघायला जातात. घरी आल्यावर जेवताना वाट्या, लिंबाच्या फोडी आणि मिठाची बरणी मांडून कोणी कुठून पास दिला, गोल कसा झाला, हे एकमेकांना दाखवत बसायचे. मला त्यातले काही कळत नाही. मुलीला ते नेत नाहीत. 'तिला काय कळतंय त्यातलं' असे दोघांचेही म्हणणे.

दिवाळीआधी सहामाहीत मुलाला बीजगणितात चाळीसपैकी अकरा गुण पडले. मिस्टर चिडले आणि दहावी होईपर्यंत स्टेडियम बंद, असे त्यांनी जाहीर केले. न्यायाने वागायचे म्हणून ते स्वतःही जात नाहीत. तेव्हापासून मुलगा पुस्तक घेऊन बसतो खरा, पण बापलेकांत 'जेवलास का' आणि 'क्लासला गेलतास का' यापलीकडे शब्द नाही. मुलगा ताट घेऊन आतल्या खोलीत जातो. सासरे तालमीतले जुने पैलवान आहेत. ते मिस्टरांना म्हणाले, 'खेळ बंद करायला गेलास आणि बोलणं बंद करून बसलास की रं.' मिस्टरांचे म्हणणे, दीड-दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे, परीक्षा झाली की पुन्हा जाऊ. मलाही दहावी महत्त्वाची वाटते, पण घर असे गप्प झालेले बघवत नाही. या दोघांचे नाते फुटबॉलपुरतेच होते की काय, अशी शंका येते. मी मध्ये पडावे का?

— एक आई, कोल्हापूर

ताई,

शेवटी तुम्ही जी शंका लिहिली आहे तिच्यापासूनच सुरुवात करतो, कारण बाकीचे उत्तर तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्या घरातले बापलेकाचे नाते बऱ्याच अंशी फुटबॉलमधूनच वाढले असणार, हे खरे आहे, आणि त्यात कमीपणा वाटण्यासारखे काहीही नाही. आपल्याकडचा बाप मुलाला समोर बसवून 'तुझ्या मनात काय चालले आहे' असे विचारत नाही. कधी विचारलेच, तर आपले काय चुकले या विचाराने मुलगाच घाबरतो. शेतकऱ्याचा मुलगा बापाशी मोकळा होतो तो उसाला पाणी पाजताना, दुकानदाराचा मुलगा गल्ल्यामागे बसल्यावर, आणि पेठेतला मुलगा गॅलरीत. दोघांची नजर तिसऱ्याच गोष्टीवर खिळलेली असली की एकमेकांच्या डोळ्यांत न बघता बोलता येते, आणि तेरा ते सोळा या वयातल्या मुलांना ही सोय फार लागते. बत्तीस वर्षे शाळेत खेळाचा तास घेतल्यावर मी एवढे नक्की सांगू शकतो की, मुख्याध्यापकांच्या खोलीत तोंड न उघडणारा मुलगा मैदानाला फक्की मारता मारता घरातले सगळे सांगून जातो.

वाट्या आणि लिंबाच्या फोडींचा उल्लेख तुम्ही सहज करून पुढे गेलात, पण मला तुमच्या पत्रातला तोच भाग सर्वांत मोलाचा वाटला. मिठाची बरणी गोलकीपरच्या जागी उभी आहे, आमटीची वाटी बचाव फळीत आहे, लिंबाची फोड बोटाने पुढे सरकते आहे, आणि एवढ्यात मुलगा म्हणतो आहे, 'तसं नव्हतं बाबा, वाटी चुकीच्या जागी ठेवलाय तुम्ही,' आणि बाप निमूटपणे वाटी सरकवतो आहे. तुम्ही हे कितीदा पाहिले असेल. दुसऱ्या कोणत्या विषयात दहा-बारा वर्षांच्या मुलाने बापाची चूक दाखवावी आणि बापाने ती वाद न घालता सुधारावी, असे आपल्या घरांतून घडते? पैसा, शिक्षण, नातेवाईक, लग्नकार्य या सगळ्यांत बाप हा बापच असतो. खेळापुढे मात्र दोघेही एकाच संघाचे समर्थक असतात, आणि ज्याची नजर तेज त्याचे म्हणणे खरे. मुलगा त्या जेवणाच्या वेळी फुटबॉल शिकत होता, तसेच आपल्या शब्दाला घरात वजन आहे हेही शिकत होता. (ते दोघे कोणत्या संघाचे समर्थक आहेत हे तुम्ही लिहिले नाहीत. पेठेत राहून ते छापायला न देण्यात तुमचा शहाणपणा आहे.)

तुमच्या सासऱ्यांना ही गोष्ट सर्वांच्या आधी उमगली, याचे मला नवल वाटले नाही. कोल्हापूरच्या फुटबॉल संघांची नावेच पाहा. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. बाहेरगावच्या माणसाला हे विचित्र वाटते, की संघ फुटबॉलचा आणि नाव तालमीचे. राजर्षी शाहू महाराजांच्या काळात तालमींना जो आश्रय मिळाला त्याने पेठापेठांतून लाल मातीचे हौद उभे राहिले, संध्याकाळी मुले जोर-बैठकांना जमू लागली, आणि पुढे त्याच कट्ट्यांवरून, त्याच वस्ताद मंडळींच्या देखत, पुढची पिढी चेंडू घेऊन मैदानात उतरली. तुमच्या घरात आजोबांचा लंगोट आणि नातवाचे बूट यांच्यात तुम्हाला वाटते तेवढे अंतर नाही. आबांनी, म्हणजे तुमच्या सासऱ्यांनी, आपल्या मुलाला कुस्ती दाखवायला नेले असणार, त्या मुलाने आपल्या मुलाला फुटबॉल दाखवायला नेले. जे हातातून हातात आले ते शेजारी बसवून घेण्याची रीत होती. ती रीत या दिवाळीत तुटली, आणि म्हातारा माणूस बोलला.

मला माझे वडील आठवतात. आमचे गाव करवीर तालुक्यातले, शहरापासून दीडेक तासाच्या चालीवर. वडील जेमतेम चौथी शिकलेले आणि स्वभावाने इतके अबोल, की घरात ते आले हे आम्हाला चपलांच्या आवाजावरून कळायचे. पण खासबागेत मोठे मैदान असले, की ते मला घेऊन जात. १९१२ साली पुरे झालेले ते मैदान महाराजांनी असे बांधून घेतले आहे, की मधल्या हौदाभोवती सगळीकडून उतार चढत जातो आणि शेवटच्या माणसालाही कुस्ती नीट दिसते. आम्ही त्या शेवटच्या माणसांतले. गणपतराव आंदळकर, मारुती माने या हिंदकेसरींची नावे आमच्या घरात देवादिकांसारखी घेतली जात. हलगी कडकडायला लागली की वडील पुढे झुकून बसत, आणि त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागलेला असे. घरात त्यांनी मला कधी जवळ घेतल्याचे आठवत नाही. तो गुडघा मात्र आठवतो.

नववीत असताना मी इंग्रजीत नापास झालो. निकाल खिशात घेऊन चार दिवस हिंडलो, कारण सांगायचे धाडस होत नव्हते. रविवारी खासबागेला गेलो. परतताना शेवटची एसटी चुकली आणि आम्ही चालत निघालो. अंधारात वडील एका निकाली कुस्तीबद्दल बोलत होते, कसा त्या पैलवानाने एकेरी पट काढला ते सांगत होते, आणि मला समजत नाही असे पाहून रस्त्यातच थांबले. 'उभा ऱ्हा,' म्हणाले. वाकून त्यांनी माझ्या गुडघ्यामागे हात घातला, पाय उचलला, आणि मी शेंगांच्या पुडीसकट रस्त्याकडेच्या फुफाट्यात बसलो. दोघेही हसायला लागलो. तसाच फुफाट्यात बसलेलो असताना मी म्हणालो, 'इंग्रजीत नापास झालोय.' ते क्षणभर थांबले. मग शेंगा वेचायला लागले आणि म्हणाले, 'पट कुणीबी काढतंय रं. उठायला यायला पायजे.' पुढे घरापर्यंत तो विषय निघाला नाही. दुसऱ्या दिवशी मात्र गावातल्या मास्तरांकडे माझ्या इंग्रजीची शिकवणी लागली होती. घरात चुलीपुढे बसून मी ते वाक्य कधीच उच्चारू शकलो नसतो, आणि त्यांनीही कदाचित ते इतक्या शांतपणे ऐकून घेतले नसते.

आता तुमच्या यजमानांच्या निर्णयाकडे येतो. त्यांची काळजी खोटी नाही, आणि मुलाला बंदी घालून स्वतः मात्र गॅलरीत जाऊन बसणाऱ्या बापांपेक्षा ते शंभर पटींनी सरळ आहेत. फुटबॉलच्या नादी असलेल्या माणसाने ऐन हंगामात घरी बसणे सोपे नाही. तेही मनातून कासावीस झालेले असणार. पण त्यांनी हिशेब करताना एक गोष्ट धरली नाही. मोबाईल काढून घेतला, तर करमणूक जाते. स्टेडियम काढून घेतले, तेव्हा करमणुकीबरोबर ती एकमेव जागाही गेली जिथे बीजगणितात अकरा का पडले हे मुलाने आपण होऊन सांगितले असते. त्याला वर्गसमीकरणे कळत नाहीत, की क्लासमध्ये मागे बसून ऐकू येत नाही, की एखाद्या मित्राशी बिनसले आहे, की दहावीच्या नावानेच पोटात गोळा येतो, यातले काहीच आज तुम्हाला माहीत नाही. मुलगा पुस्तक उघडून बसतो, असे तुम्ही लिहिले आहे. तो वाचतो, असे तुम्ही लिहिलेले नाही, आणि हा फरक तुमच्याही नजरेत आला असावा.

शिक्षेत आणखी एक अर्थ दडलेला असतो, जो बापाच्या मनात नसतो पण मुलाला ऐकू येतो. बाप म्हणतो, मार्क पडले नाहीत म्हणून मॅच बंद. मुलाला ऐकू येते, मार्क पडले तरच बाप माझ्या शेजारी बसणार. गोड पदार्थ बक्षीस म्हणून द्यावा, नवी सायकल द्यावी, बूट द्यावेत. शेजारी बसणे हे बक्षीस होऊ नये, कारण बक्षीस म्हटले की ते गमावताही येते.

हे मी मोठ्या अधिकाराने सांगत नाही, कारण हीच चूक माझ्या हातून झाली आहे. आमचा मुलगा आठवीत असताना आम्ही दोघे रोज पहाटे रंकाळ्याला पळायला जात असू. तो पुढे, मी मागे, आणि परतताना संध्यामठाच्या बाजूला पाच मिनिटे बसायचे, असा क्रम होता. चाचणी परीक्षेत तो घसरला, आणि मी, इतरांच्या मुलांना खेळाचे महत्त्व सांगणारा मास्तर, त्याला म्हणालो की ऐंशी टक्के पडेपर्यंत पळणे बंद. त्याने नव्वद पाडून दाखवले. निकालाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी बूट घालून त्याला उठवायला गेलो, तर तो कूस बदलून म्हणाला, 'तुम्ही जावा बाबा, मला झोपायचंय.' मला वाटले, एक दिवसाचा कंटाळा असेल. तो परत कधीच आला नाही. रागही नव्हता त्याच्यात. त्याला दुसरे मित्र मिळाले होते, दुसरी वेळ मिळाली होती, आणि माझ्याशिवाय दिवस सुरू करायची सवय झाली होती. आज तो पुण्यात चांगल्या नोकरीत आहे, न चुकता फोन करतो, आणि फोनवर आम्ही पावसाबद्दल बोलतो. म्हणून 'परीक्षा झाली की पुन्हा जाऊ' या तुमच्या यजमानांच्या वाक्याची मला भीती वाटते. परीक्षा संपेल तेव्हा मुलगा सोळाचा होत असेल, त्याच्या हातात वेळ असेल, आणि स्टेडियमवर तो जाईलच. प्रश्न एवढाच, की तेव्हा शेजारी बाप असेल की गल्लीतली पोरे.

तुम्ही मध्ये पडावे का, असे विचारले आहे. पडावे, पण मुलाचे वकीलपत्र घेऊन नको. 'तुमच्यामुळे पोरगं बोलेनासं झालंय' अशी सुरुवात केलीत, तर बंदी आणखी घट्ट होईल, कारण मग तो प्रश्न शब्द पाळण्याचा होईल आणि शब्द पाळणे हे त्यांना महत्त्वाचे वाटते, हे त्यांच्या वागण्यातून दिसतेच आहे. त्यापेक्षा त्यांना विचारा, की तुम्हाला स्वतःला या महिन्यांत काय काय चुकल्यासारखे वाटले. आबांना पुढे करता आले, तर अधिक बरे. आपल्या मुलाला ते जे बोलू शकतात ते तुम्ही किंवा मी बोलून उपयोग नाही, आणि त्यांनी एकदा तोंड उघडलेलेच आहे.

यजमानांनी काय करायचे, हे थोडक्यात लिहितो, म्हणजे पत्र त्यांच्या हातात देता येईल. आठवड्यात एक सामना. रोज नव्हे, रविवारी दोन सामने असतील तर दोन्हीही नव्हेत. जायचे, बघायचे, परत यायचे. या सगळ्यात फार तर अडीच-तीन तास जातात, आणि तेवढा वेळ तर मोबाईलवर परदेशी क्लबांचे गोल बघण्यात एका बैठकीत निघून जातो. वेळच वाचवायचा असेल, तर कात्री तिथे लावावी. बंदी उठवताना भाषण नको, अटही नको, आणि मुलाची माफी मागण्याची तर काहीच गरज नाही. शनिवारी रात्री सहज 'उद्या चारची मॅच हाय, येतोस काय?' एवढे विचारले, की कोल्हापुरात त्याचा जो अर्थ व्हायचा तो बरोबर होतो. पहिल्या वेळी मुलगा 'नको' म्हणेल, अशी मनाची तयारी ठेवावी. तो दुखावलेला आहे आणि हा त्याचा हक्क आहे. पुढच्या शनिवारी पुन्हा विचारावे, त्याच आवाजात.

आणि सर्वांत अवघड गोष्ट: स्टेडियमवर बीजगणिताचे नाव काढायचे नाही. जाताना नाही, मध्यंतरात नाही, येताना तर अजिबात नाही. मुलाने स्वतः काढले, तर ऐकायचे. पॅरिस ऑलिंपिकमध्ये २०२४ साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवले, तेव्हा त्यांच्या वडिलांनी सांगितले होते की, त्याचे लक्ष विचलित होऊ नये म्हणून आम्ही आदल्या दिवशी त्याला फोनसुद्धा केला नाही. वडील पेशाने शिक्षक; उपदेश करायचा म्हटले असते, तर शब्द कमी पडले नसते. इतक्या मोठ्या दिवसाच्या तोंडावर फोन लावायचा नाही, यासाठी किती संयम लागला असेल, याचा तुमच्या यजमानांनी जरा विचार करावा. त्यांना तर फक्त एका सामन्यापुरते गप्प बसायचे आहे.

बीजगणिताचे काम निराळे आणि ते निराळ्याच ठिकाणी व्हावे. सहामाहीची उत्तरपत्रिका शाळेतून मागून घ्या आणि अकरा कुठे पडले यापेक्षा एकोणतीस कुठे गेले ते शिक्षकांना बसून विचारा. बहुतेक वेळा दोन किंवा तीन प्रकरणांत सगळे अडकलेले असते. दीड-दोन महिने हा त्यासाठी कमी वेळ नाही. खेळ आणि अभ्यास एकमेकांच्या उरावर बसलेले असतात, हा समज तर या शहरात तरी टिकायला नको. हेलसिंकीला १९५२ साली कुस्तीत कांस्यपदक जिंकून स्वतंत्र भारताला पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळवून देणारे खाशाबा जाधव इथल्याच राजाराम कॉलेजचे विद्यार्थी होते, आणि त्यांना पाठवण्यासाठी पैसे कमी पडत होते तेव्हा त्या कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी आपले घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. घर गहाण टाकणारा माणूस कुस्तीचा वस्ताद नव्हता, शिकवणारा माणूस होता, हे मला नेहमी लक्षात घेण्यासारखे वाटते. तुमचा मुलगा खाशाबा होणार नाही, बहुधा कोणत्या पेठेच्या पहिल्या संघातही येणार नाही, आणि त्याची आवश्यकताही नाही. खेळाडू होण्यासाठी नव्हे, तर बापाबरोबर बसण्यासाठी तो तिथे जातो आहे.

गॅलरीतल्या शिव्या आणि हुल्लडबाजी यांची धास्ती तुमच्या यजमानांना असेल, तर ती रास्त आहे. आपल्या स्टेडियमला त्या बाबतीत नाव ठेवायला जागा आहे, हे कबूल करायला हवे. पण एकट्या गेलेल्या मुलावर गर्दीचा जो परिणाम होतो, तो बापाच्या शेजारी बसलेल्या मुलावर होत नाही. विरुद्ध संघाने चांगला गोल केल्यावर बापाच्या तोंडून नकळत 'वा' निघाले, तर ते मुलाला कायमचे पुरते. आणि ते निघत नसेल, तर ती उणीव मुलाची नाही.

आता एका गोष्टीबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही, जिच्याबद्दल तुम्ही मला काही विचारलेले नाही. तुमची मुलगी पाचवीत आहे, 'तिला काय कळतंय त्यातलं' म्हणून तिला नेत नाहीत, हे तुम्ही एका ओळीत लिहून पुढे गेलात. मुलगा पाच वर्षांचा असताना पहिल्यांदा स्टेडियमवर गेला, तेव्हा त्याला तरी काय कळत होते? त्याला ऑफसाइड कळत होते का? तो चेंडूकडे कमी आणि भेळवाल्याकडे जास्त बघत असणार. नेल्यामुळे त्याला कळायला लागले. कळत होते म्हणून कोणी नेले नव्हते. तुमची मुलगी गेली काही वर्षे रोज जेवताना त्या वाट्या आणि लिंबाच्या फोडी बघत बसली आहे, त्यामुळे मला तर अशी दाट शंका आहे की तिला तुमच्या समजुतीपेक्षा बरेच अधिक कळते आणि तिला कोणी विचारलेले नाही.

हे शहर मुलींच्या खेळाच्या बाबतीत मागे नाही, निदान पदकांच्या यादीत तरी नाही. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जागतिक विजेतेपद मिळवले, आणि नेमबाजीत ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला ठरल्या. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक घेतले. आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवणाऱ्या त्याही पहिल्याच भारतीय महिला नेमबाज. दोघीही कोल्हापूरच्या. त्यांचे फलक आपण चौकात लावले, मिरवणुका काढल्या, आणि घरी येऊन आपापल्या मुलींना 'तुला काय कळतंय' म्हणालो. माझ्या शाळेत मुलींचा कबड्डीचा संघ तयार करताना मला सर्वांत जास्त वेळ मैदान आखायला लागला नाही, वडिलांना पटवायला लागला. आणि ज्या मुलींचे वडील एकदा का होईना सामना बघायला येऊन बसले, त्या पुढच्या वर्षीही खेळत राहिल्या. बाकीच्यांपैकी बऱ्याच जणी नववीनंतर दिसल्या नाहीत.

तुमच्या घरात सध्या जो अबोला आहे त्यात या मुलीचा मोठा उपयोग होईल, असेही मला वाटते, आणि हे मी थोडे लबाडीने सुचवतो आहे. दोन दुखावलेली माणसे एकमेकांशेजारी बसली, तर पहिला अर्धा तास कोणी बोलणार नाही. मध्ये दहा वर्षांची मुलगी असली आणि तिने 'दादा, त्यानं गोल केला तरी का दिला नाही?' असे विचारले, की दादाला ऑफसाइड समजावून सांगावे लागेल, बाबांना त्यात दुरुस्ती करावी लागेल, आणि त्या दुरुस्तीवर दादाचा आक्षेप असेलच. तिला मात्र केवळ या कामापुरती नेऊ नये. एकदा नेली की ती दर वेळी जाणार, हे यजमानांनी आधीच मनाशी ठरवून ठेवावे.

तुमच्याबद्दल बोलायचे, तर खेळातले कळत नाही म्हणून तुम्ही ताटे वाढून बाजूला बसलात, असे पत्रावरून दिसते. जायचेच पाहिजे, असा माझा आग्रह नाही. रविवारच्या दुपारी घर तीन तास रिकामे मिळणे हेही सुख कमी नाही, ते तुम्ही खुशाल भोगा. फक्त ती मंडळी परत आली, की मुलाला ताट घेऊन आत जाऊ देऊ नका, आणि मिठाची बरणी मुद्दाम ताटांच्या मध्ये ठेवा.

मुलीला पहिल्यांदा पाठवाल तेव्हा टोपी आणि पाण्याची बाटली बरोबर द्या. जानेवारीतही दुपारचे ऊन गॅलरीत चांगलेच लागते, आणि या दोघांना स्वतःसाठी ते आजवर सुचलेले नसणार.